कोणत्या लक्षणाला घाबरायचं?

पत्राचा सारांश: वाचक भगिनीचं वय ५१. दिवसातले सात-आठ तास संगणकावर काम. दोनेक वर्षांपासून संध्याकाळ झाली की डोळे चुरचुरतात, मधूनच पाणी वाहतं. वाचताना कागद लांब धरावा लागतो. पांढऱ्या भिंतीकडे पाहिलं की एक-दोन काळे ठिपके तरंगताना दिसतात. ते बरेच महिने आहेत, वाढलेले नाहीत. मागे एकदा डोळा लाल झाला तेव्हा पतीच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर उरलेले थेंब घातले आणि दोन दिवसांत डोळा स्वच्छ झाला. तेव्हापासून डोळा जरा लाल वाटला की तेच थेंब. बाटली संपली तेव्हा नाव सांगून नवी आणली. वडिलांची दृष्टी काचबिंदूने गेली. आता थोरल्या भावालाही काचबिंदू निघाला आहे आणि त्याच्या डॉक्टरांनी सगळ्या भावंडांना डोळे तपासून घ्यायला सांगितलं आहे. त्या लिहितात: ‘मला काहीच दुखत नाही. चष्म्याच्या दुकानात शेवटच्या ओळीपर्यंत सगळी अक्षरं वाचता आली. लक्षणं वाचायला बसले की प्रत्येक आजार मलाच झालाय असं वाटतं, आणि पती म्हणतात, तू आजार शोधत बसतेस. खरं सांगायचं तर काचबिंदू निघालाच तर काय, वडिलांच्या बाबतीत तरी कुठे काही करता आलं? कोणत्या लक्षणाला घाबरायचं आणि कोणतं सोडून द्यायचं, तेवढं सांगा. तसं काही दिसलं की मी लगेच जाईन.’

ताई,

लक्षणांबद्दल तुम्ही विचारलंय ते सगळं सांगते. पण आधी एक काम आजच करा: ते थेंब बंद करा. बाटलीवरचं बारीक अक्षर नीट उजेडात वाचा. डेक्सामेथासोन, प्रेडनिसोलोन, बीटामेथासोन, लोटेप्रेडनॉल, फ्लुओरोमेथोलोन यांपैकी एखादं नाव दिसलं तर ते स्टेरॉइड आहे. शस्त्रक्रियेनंतर डोळ्याच्या आतली सूज उतरावी म्हणून ते देतात, ठरावीक आठवड्यांपुरतं, मात्रा हळूहळू कमी करत आणि मधे मधे डोळा तपासत. तुमच्या पतींसाठी ते योग्यच औषध होतं. तुम्ही मात्र ते कुणाच्याही नजरेखाली न राहता घेताय.

डोळा दोन दिवसांत स्वच्छ झाला म्हणून तुमचा त्यावर विश्वास बसला, यात तुमचं काही चुकलं असं मला वाटत नाही. स्टेरॉइडने लाली बहुतेक वेळा जाते, कारण कोणतंही असो. पण काही जणांमध्ये याच थेंबांनी काही आठवड्यांत डोळ्यातला दाब वाढतो. तो वाढताना दुखत नाही, डोळा लाल होत नाही, नजर अंधूक होत नाही. आणि ज्यांच्या आईवडिलांना किंवा सख्ख्या भावंडांना काचबिंदू आहे, त्यांच्यात असा दाब वाढण्याचं प्रमाण जास्त असतं. वाढलेला दाब दृष्टीच्या नसेला इजा करतो, म्हणजे ज्या आजाराची तुम्हाला भीती वाटते, त्याच दिशेला हे थेंब ढकलू शकतात. शिवाय बुबुळावर नागिणीच्या जातीतल्या विषाणूचा किंवा बुरशीचा संसर्ग असेल तर स्टेरॉइडमुळे तो फोफावतो. हे थेंब दीर्घकाळ घातले तर मोतीबिंदूही लवकर येतो. ज्यांना डॉक्टरांनी स्वतः असे थेंब लिहून दिलेत आणि तपासणी चालू आहे, त्यांनी मात्र हे वाचून ते मनाने बंद करू नयेत. मी बोलतेय ते कपाटात उरलेल्या बाटलीबद्दल.

आता तुमचा मूळ प्रश्न. ‘तसं काही दिसलं की मी लगेच जाईन’ हे तुमचं वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. त्यामागे एक समज आहे: आजार असेल तर डोळा आपल्याला कळवेलच. रांजणवाडी, डोळे येणं, डोळ्यात कचरा जाणं याबाबतीत तो समज खरा ठरतो. काचबिंदूच्या नेहमीच्या प्रकारात तो फसतो. तुमच्या वडिलांचंही बहुधा तसंच झालं असावं, कारण तुम्हीच पुढे लिहिलंय की ‘त्यांना बरंच गेल्यावर कळलं’. ते निष्काळजी नव्हते. त्यांना कळण्यासारखं काही घडतच नव्हतं.

ते कसं, हे स्वतः करून बघा. कोऱ्या कागदावर एक लहान फुली काढा आणि तिच्या उजवीकडे साधारण ८ सेंटीमीटरवर वाटाण्याएवढा भरीव ठिपका. कागद हातभर लांब धरा. डावा डोळा तळहाताने झाका, उजव्या डोळ्याने फक्त फुलीकडे बघा आणि कागद सावकाश जवळ आणा. साधारण ३० सेंटीमीटरवर आला की ठिपका नाहीसा होईल. तिथे काळं भोक दिसणार नाही, धूसर डागही दिसणार नाही. तिथे कोरा कागदच दिसेल. डोळ्यातून जिथे दृष्टीची नस बाहेर पडते त्या जागी डोळ्याच्या आतल्या पडद्यावर प्रकाश टिपणाऱ्या पेशी नसतात. सतराव्या शतकात एदम मारिओत या फ्रेंच शास्त्रज्ञाने ही जागा दाखवून दिली. प्रत्येकाच्या प्रत्येक डोळ्यात ती असते आणि आयुष्यभर कुणाला जाणवत नाही, कारण मेंदू आजूबाजूचं चित्र ओढून ती जागा भरून काढतो, आणि दोन्ही डोळे उघडे असले की एकाचं उणं दुसरा भरून काढतो.

काचबिंदूत नेमकं हेच होतं, फक्त ती जागा वाढत जाते. दृष्टीच्या नसेत सुमारे १० ते १२ लाख तंतू असतात. ते हळूहळू मरत जातात, आणि बहुतेक वेळा सुरुवात होते ती नजरेच्या मध्यापासून दूरच्या भागात. मेंदू भरून काढत राहतो. माणूस वाचतो, शिवतो, गाडी चालवतो, चेहरे ओळखतो. कधी उंबरठ्याला ठेच लागते, कधी बाजूने आलेला माणूस अचानक समोर उगवल्यासारखा वाटतो, आणि आपण म्हणतो की लक्ष नव्हतं. दुकानातल्या तक्त्यावरची अक्षरं वाचायला पडद्याचा मधला लहानसा भागच लागतो. शेवटची ओळ वाचता आली याचा अर्थ तो मधला भाग चांगला आहे. बाजूच्या नजरेबद्दल, नसेबद्दल, दाबाबद्दल तो तक्ता काहीच सांगत नाही. चष्म्याचा नंबर काढणं आणि डोळे तपासणं ही दोन वेगळी कामं आहेत.

म्हणून तुमच्या बाबतीत कोणत्याही लक्षणाची वाट बघायची नाही. भावाच्या डॉक्टरांनी सांगितलं आहे, तेवढं कारण पुरे. आई, वडील किंवा सख्ख्या भावंडाला काचबिंदू असेल तर आपल्याला तो होण्याची शक्यता इतरांपेक्षा कितीतरी पटींनी जास्त असते. तुमच्या घरात तर तो दोन पिढ्यांत आहे.

तपासणीत काय असतं ते आधीच कळलं की निम्मी धास्ती जाते. डोळ्यातला दाब मोजतात. साधारणपणे १० ते २१ मिलिमीटर पारा हा नेहमीचा पल्ला मानतात, पण दाब या पल्ल्यात असूनही काचबिंदू होतो आणि दाब वर असूनही नस शाबूत राहते, त्यामुळे ‘दाब ठीक आहे’ एवढ्यावर उठून येऊ नका. बुबुळाची जाडी मोजतात, कारण पातळ बुबुळावर दाब प्रत्यक्षापेक्षा कमी भरतो. डोळ्याच्या आतलं पाणी (अश्रू नव्हे) बाहेर जाण्याचा कोपरा उघडा आहे की अरुंद, ते खास भिंग लावून बघतात. बाहुली मोठी करून नस बघतात, आणि गरज वाटली तर तिचा स्कॅन काढतात. मग नजरेच्या क्षेत्राची चाचणी. एक डोळा झाकून, हनुवटी टेकवून एका पांढऱ्या घुमटाच्या मध्याकडे बघत राहायचं आणि कुठेही उजेडाचा ठिपका चमकला की बटण दाबायचं. या चाचणीत बहुतेक जण घाबरतात. ‘मला कितीतरी दिसलेच नाहीत’ म्हणत बाहेर येतात. यंत्र मुद्दामच ठिपके अंधुक करत जातं, अगदी निरोगी डोळ्यालाही बरेच ठिपके दिसू नयेत इतके. तेव्हा ठिपका हुकला म्हणून नजर गेली असं समजू नका, आणि अंदाजाने बटणही दाबू नका. पहिल्या खेपेला चाचणी नीट जमली नाही तर पुन्हा करतात.

‘निघालाच तर काय’ हेही तुम्ही विचारलंय, आणि मला वाटतं तुम्ही तपासणी लांबवताय त्यामागे हीच भीती जास्त आहे. वडिलांची अखेरची वर्षं डोळ्यांसमोर आहेत, तर ती भीती साहजिक आहे. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही, हे खरंच आहे आणि ते मी गुळमुळीत करून सांगणार नाही. पण जी आहे ती टिकवता येते, आणि जितकी जास्त शिल्लक असताना उपचार सुरू होतात तितकं माणसाच्या हातात जास्त राहतं. दिवसातून एकदाच घालायचे लॅटानोप्रोस्टसारखे थेंब १९९६ पासून वापरात आले. लेसरचा एक सौम्य प्रकार आहे, बसल्या जागी काही मिनिटांत होणारा. २०१९ मध्ये ब्रिटनमधल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले, त्यात सुरुवातीलाच हे लेसर केलेल्यांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश रुग्णांना तीन वर्षांनंतरही थेंब लागत नव्हते. याने भागलं नाही तर शस्त्रक्रिया आहे. वडिलांना कळलं तेव्हा नस बरीच गेली होती. तुम्ही आज गेलात तर त्यांच्यापेक्षा फार आधी पोचाल. आणि काही निघालं नाही तर आजच्या नसेची नोंद कागदावर राहील, जिच्याशी पुढच्या प्रत्येक तपासणीची तुलना करता येईल. काचबिंदूच्या निदानात ही जुनी नोंद अनेकदा सगळ्यात उपयोगी पडते.

आता तुमच्या लक्षणांकडे येते. लक्षणं वाचताना सगळंच आपल्याला लागू वाटतं, कारण एकच शब्द अनेक आजारांत येतो. ‘अंधूक’ चाळिशीतही असतं, मोतीबिंदूतही, आणि पडदा सुटण्यातही. त्यामुळे नुसत्या लक्षणाच्या नावावर जाऊ नका. स्वतःला विचारा: हे अचानक झालं की हळूहळू? एका डोळ्याला की दोन्ही? सोबत दुखतंय का, उजेड सहन होत नाही असं आहे का, नजर कमी झाली आहे का? वैद्यकीय पुस्तक हाताशी नसलं तरी या प्रश्नांनी बरंच वेगळं करता येतं.

तुमचं कागद लांब धरणं ही चाळिशी. डोळ्यातलं भिंग वयाबरोबर ताठर होतं आणि जवळचं नीट दिसेनासं होतं. तो आजार नाही, जवळचा चष्मा घ्या. चष्मा लावल्याने नंबर वाढतो हा गैरसमज सोडा. तो वयानुसार वाढतो, चष्मा लावा वा लावू नका.

संध्याकाळची चुरचुर आणि पाणी, यांचं कारण ऐकून बहुतेकांना खरं वाटत नाही: डोळा कोरडा पडतोय म्हणून पाणी वाहतंय. अश्रूंचा जो पातळ थर डोळ्यावर टिकायला हवा तो लवकर फुटतो, पृष्ठभागाला टोचतं, आणि उत्तर म्हणून ग्रंथी भसकन पाणी सोडते. संगणकाच्या पडद्याकडे बघताना पापण्या लवण्याचं प्रमाण निम्म्याहून खाली येऊ शकतं, आणि ज्या लवतात त्याही अर्धवट. रजोनिवृत्तीच्या सुमाराला हा त्रास वाढतो. सर्दी-ॲलर्जीच्या काही गोळ्यांनीही वाढतो. संगणकाचा पडदा डोळ्यांच्या पातळीपेक्षा थोडा खाली ठेवा, म्हणजे पापणी खाली राहील आणि डोळा कमी उघडा राहील. पंख्याचा किंवा एसीचा झोत थेट चेहऱ्यावर नको. दर २० मिनिटांनी २० फुटांपलीकडे २० सेकंद बघा, आणि त्या वेळी पापण्या पूर्ण मिटून उघडा. मिटलेल्या पापण्यांवर कोमट ओल्या कापडाचा शेक पाच-दहा मिनिटं दिला की पापणीच्या कडेच्या तेलग्रंथी मोकळ्या होतात. कृत्रिम अश्रू वापरायला हरकत नाही. दिवसातून चारपेक्षा जास्त वेळा लागत असतील तर संरक्षक रसायन नसलेले मागा. निळा प्रकाश अडवणाऱ्या महागड्या काचांनी हा थकवा जातो याला भक्कम पुरावा नाही, त्यामुळे मी त्या सुचवत नाही. आणि डोळा मधून मधून लाल होण्यामागेही बहुधा हाच कोरडेपणा असावा, तेही तपासणीत कळेल.

तरंगणारे ठिपके डोळ्याच्या आतल्या पारदर्शक जेलीमुळे दिसतात. वय वाढतं तशी ती पातळ होते, तिच्यात गाठी होतात आणि त्यांची सावली पडद्यावर पडते. एक-दोन, महिनोन्‌महिने तसेच राहिलेले, आकाशाकडे किंवा पांढऱ्या भिंतीकडे बघताना दिसणारे: यांना घाबरू नका, पण बाहुली मोठी करून तपासाल तेव्हा डॉक्टरांना सांगा. हेच ठिपके एखाद्या दिवशी अचानक मुठीने उधळल्यासारखे वाढले, डोळ्याच्या कडेला वीज चमकल्यासारखं झालं, किंवा एका बाजूने काळा पडदा सरकतोय असं वाटलं, तर तो डोळ्याच्या आतला पडदा फाटण्याचा किंवा सुटण्याचा इशारा आहे. तेव्हा उद्यावर टाकू नका. मधला भाग सुटायच्या आत शस्त्रक्रिया झाली तर नजर चांगली राहण्याची शक्यता फार जास्त असते. मोठा मायनस नंबर असलेल्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं.

त्याच दिवशी, हातातलं काम टाकून जाण्यासारखी आणखीही काही लक्षणं आहेत. एका डोळ्याची नजर अचानक जाणं, दुखत नसलं तरी. काही मिनिटांत ती परत आली तरीही जा. मेंदूच्या झटक्याआधी अशी सूचना मिळू शकते. अचानक एकाचे दोन दिसू लागणं. त्यात एक डोळा झाकल्यावर दुसरी प्रतिमा नाहीशी होत असेल तर दोष दोन डोळ्यांच्या जुळण्यात आहे आणि तो नसेशी किंवा मेंदूशी निगडित असू शकतो. पन्नाशीनंतर नव्याने सुरू झालेली डोकेदुखी, केस विंचरताना टाळू दुखणं, चावताना जबडा दुखणं आणि त्याबरोबर नजर जाणं-येणं. डोळ्यात रसायन उडणं: यात आधी डॉक्टर नाही, आधी नळ. पापणी हाताने उघडी धरून किमान १५ ते ३० मिनिटं वाहत्या पाण्याने धुवायचं आणि मग जायचं. चुना, सिमेंट, तुंबलेलं गटार मोकळं करायची पावडर यांसारखे अल्कली पदार्थ डोळ्यात आत आत शिरत जातात, म्हणून धुवायला सुरुवात करण्यात एक मिनिटही वाया घालवू नका.

काचबिंदूचाच दुसरा प्रकार मी वेगळा सांगते, कारण तो नेहमीच्या प्रकाराच्या अगदी उलट वागतो आणि त्यात लोक चुकीच्या डॉक्टरकडे जातात. पाणी जायचा कोपरा अचानक बंद होतो आणि काही तासांत दाब खूप चढतो. डोळा लाल, प्रचंड दुखतो, दिव्याभोवती इंद्रधनुष्यासारखी वलयं दिसतात, त्या बाजूचं डोकं फुटेल असं होतं आणि उलट्या होतात. उलट्यांमुळे पोटाचं औषध सुरू होतं, डोकेदुखीमुळे अर्धशिशी समजून गोळी घेतली जाते. काही जणांना आधी सौम्य झटके येऊन गेलेले असतात: तिन्हीसांजेला किंवा अंधाऱ्या जागी वलयं, थोडं डोकं दुखणं आणि झोपून उठल्यावर सगळं साफ. डोळा लाल आणि सोबत उलटी, डोकेदुखी असं चित्र दिसलं तर आधी डोळ्याचा डॉक्टर गाठा. प्लस नंबर असलेल्या स्त्रियांमध्ये हे जास्त आढळतं, त्यामुळे तुमच्या तपासणीत कोपरा बघितला का, हे आवर्जून विचारा.

लाल डोळ्याचं म्हणाल तर खाज जास्त आणि दोन्ही डोळे लाल असतील तर बहुधा ॲलर्जी. सकाळी पापण्या चिपडांनी चिकटत असतील, पाणी येत असेल, एका डोळ्यापासून दुसऱ्याला होत असेल, तर डोळे आलेत. ते नुसतं बघून पसरत नाहीत, हात, टॉवेल, उशी यांच्यातून पसरतात. पांढऱ्या भागावर रक्ताचा लालभडक डाग, पण दुखत नाही आणि दिसतं नीट: हा दिसायला सगळ्यात भयानक असतो, पण बहुतेक वेळा आपोआप विरतो. वारंवार झाला किंवा रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर सांगावं. आणि ज्यात दुखतं, उजेड सहन होत नाही, नजर कमी होते, बुबुळावर पांढरा ठिपका दिसतो, तो लाल डोळा त्याच दिवशी दाखवायचा. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांनी तर डोळा लाल होऊन दुखू लागला की लेन्स काढून थेट जावं, रात्रभर वाट बघू नये.

सावकाश येणाऱ्यांत मोतीबिंदू आहे. धुरकट दिसणं, समोरून येणाऱ्या गाडीचे दिवे डोळ्यात पसरणं, रंग फिके, पिवळट वाटणं, नंबर सारखा बदलणं. काहींना तर अचानक जवळचं चष्म्याशिवाय वाचता येऊ लागतं आणि घरात आनंदीआनंद होतो. तीही मोतीबिंदूची खूण असू शकते. ‘पिकू दे मग बघू’ हा सल्ला जुना झाला. नजरेमुळे कामं अडू लागली की शस्त्रक्रिया करावी. फार पिकलेला काढणं उलट कठीण जातं. तुमच्या पतींची शस्त्रक्रिया झाली आहे, त्यांना महिन्या-वर्षांनी पुन्हा धुरकट वाटू लागलं तर मोतीबिंदू परत आला असं समजून घाबरू नका. भिंगामागचं आवरण धूसर होतं आणि ते लेसरने काही मिनिटांत मोकळं करता येतं.

सरळ रेषा वाकड्या किंवा तुटक दिसणं, चेहऱ्याच्या मधोमध धुरकट डाग येणं, ही पडद्याच्या मधल्या भागाची तक्रार. ती काही दिवसांच्या आत दाखवायची, कारण यातल्या एका प्रकारात डोळ्यात द्यायच्या इंजेक्शनांनी नजर वाचते आणि उशीर झाला तर तेवढी वाचत नाही.

हे सगळं वेळेवर लक्षात यावं म्हणून महिन्यातून एकदा एवढं करा: जवळचा चष्मा लावून एक डोळा तळहाताने झाकायचा, बोटांनी नाही, कारण फटीतून दिसतं आणि दाबही पडतो. छापील मजकूर वाचायचा, मग खिडकीची चौकट किंवा फरशीच्या रेषा बघायच्या. मग दुसरा डोळा. दोन्ही उघडे असताना महिनोन्‌महिने लपून राहिलेली गोष्ट यात एका मिनिटात सापडते. काचबिंदू मात्र यात सापडेल असं धरून चालू नका.

अशाच परिस्थितीतल्या इतर वाचकांसाठी दोन गोष्टी. मधुमेह असेल तर तो कळला त्याच वर्षी पडदा तपासून घ्या आणि मग दर वर्षी, नजर कितीही स्वच्छ असली तरी. पडद्याचं बरंच नुकसान होईपर्यंत तो बहुधा काहीच कळवत नाही. बहुधा लहान वयात सुरू होणाऱ्या, म्हणजे टाइप १ मधुमेहात ही तपासणी पाच वर्षांच्या आत सुरू करतात. आणि मुलं तक्रार करत नाहीत, कारण एका डोळ्याने कमी दिसतं हे त्यांना ठाऊकच नसतं. तिरळेपणा, एक डोळा झाकला की चिडणं, डोकं कलतं ठेवून बघणं याकडे लक्ष द्या. अशा कमी दिसणाऱ्या, म्हणजे आळशी डोळ्याचा उपचार सात-आठ वर्षांच्या आत सर्वात चांगला लागू पडतो. फ्लॅशच्या फोटोत बाहुली पांढरी चमकत असेल तर त्याच आठवड्यात दाखवा.

पतींबद्दल. ‘आजार शोधत बसतेस’ हे त्यांचं म्हणणं मला पूर्ण चुकीचं वाटत नाही. लक्षणं वाचत बसून भीती वाढते आणि तपासणी होत नाही, हे तुमच्या बाबतीत घडलंय. पण त्यावर उपाय वाचन बंद करणं हा नाही, तर जाऊन तपासून येणं हा आहे. वाद घालू नका. त्यांना सांगा की भावाच्या डॉक्टरांनी बोलावलंय आणि बाहुली मोठी केल्यावर काही तास धूसर दिसतं, गाडी चालवता येत नाही, उन्हाचा त्रास होतो, म्हणून सोबत या. बहुतेक माणसं वादात हटून बसतात, पण सोबत ये म्हटलं की येतात.

जाताना हे न्या: ते थेंब, दोन्ही बाटल्या असतील तर दोन्ही, किती वेळा आणि केव्हापासून घातले ते एका कागदावर लिहून, सध्याचा आणि जुना चष्मा, चालू असलेली सगळी औषधं, दम्याचा पंप किंवा त्वचेवरचं मलम असेल तर तेही, कारण त्यांतही स्टेरॉइड असतं, आणि भावाच्या अहवालाची प्रत. थेंबांबद्दल ओशाळू नका, डॉक्टरांसाठी ती सगळ्यात महत्त्वाची माहिती आहे. निघताना तीन गोष्टी विचारून लिहून घ्या: दोन्ही डोळ्यांचा दाब किती, नस कशी आहे, पुन्हा केव्हा यायचं. अहवाल चांगला आला तरी तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘गरज नाही’ असं नसेल.

पत्रात शेवटी तुम्ही धाकट्या बहिणीचा उल्लेख केलाय. ती ४४ वर्षांची आहे आणि तिला चष्माही नाही. वेळ घेताना दोघींची घ्या.